कांद्याच्या वरची ओळ

सोमवारी सव्वाअकराला मी सहज वाचनालयाच्या पायरीवर आले तर फळ्यावरून चीन आणि जपान गेलेले होते. बाकी सगळं जागच्या जागी होतं. मुळा धरणाच्या पाण्याचं आवर्तन होतं, महापालिकेची पाणीकपात होती, बिबट्या होता (आमच्या जिल्ह्यात फळा आणि बिबट्या ही जोडी हल्ली तुटतच नाही), शेवटून दुसऱ्या ओळीत कांद्याचा भाव होता. त्याच्या बरोबर वर, जिथं तासाभरापूर्वी मी ‘चीन-जपान तणाव वाढला, राजदूताला बोलावून तीव्र निषेध’ असं लिहिलं होतं, तिथं काळाभोर पट्टा. खालच्या ‘कांदा’वरच्या अनुस्वारालाही धक्का लागला नव्हता. आधी वाटलं, मी लिहिलंच नसेल. चौपन्नाव्या वर्षी अशी शंका पहिल्यांदा स्वतःवरच येते. पण हाताच्या बोटांना खडू होता, मनात वाक्य होतं, आणि ते वाक्य बेतायला मला चांगली दहा मिनिटं लागली होती, कारण पेपरात त्याच बातमीला अर्धं पान दिलं होतं आणि माझ्याकडे एक ओळ असते.

माळीवाड्याच्या बसस्टँडाजवळ, रसवंती आणि चष्म्याचं दुकान यांच्यामध्ये आमचं वाचनालय आहे, आणि त्याच्या बाहेरच्या भिंतीवर हा फळा. फळ्याच्या डोक्यावर आता ‘अहिल्यानगर’ रंगवलंय, त्याखाली उभे राहून लोक ‘नगरचं स्टँड हेच का?’ विचारतात. रोज सकाळी दहाला नऊ ओळी. अठ्ठावीस वर्षं मी हे करते आहे. खडू रात्रभर पाण्यात भिजत घालायचा, ओल्या खडूनं लिहायचं. लिहिताना अक्षर दिसत नाही, नुसती ओल दिसते. पाच मिनिटांनी वाळलं की पांढरंशुभ्र उमटतं आणि मग वाऱ्यानं, पाठ टेकणाऱ्यांनी, शेळीनंसुद्धा जात नाही. आमच्या आधीच्या ग्रंथपालांनी शिकवलेली ही युक्ती. म्हणजे ज्यानं कुणी पुसलं त्यानं हात मारून पुसलं नव्हतं. ओलं फडकं आणलं होतं. एवढा खटाटोप करून कुणी जगातली एकच भानगड निवडून पुसतं, हे मला आधी गमतीचं वाटलं आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत बोचायला लागलं.

बोचायचं कारण सांगते. मला ती भाषा आवडते. परराष्ट्रखात्यांची. ‘गंभीर दखल’, ‘तीव्र नापसंती’, ‘परिणामांची जबाबदारी’, ‘शब्द मागे घ्यावेत’. कुणी कुणाच्या अंगाला हात लावत नाही, कुणी आवाज चढवत नाही, आणि तरी दोन देश एकमेकांना दारात उभं करत नाहीत. आमच्या सोनईच्या घरी दोन चुलत्यांमध्ये बांधावरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं. निरोप यायचे ते घरातल्या लहान पोरांकडून, आणि ते इतके मोजूनमापून यायचे की माझी काकू दारात पदर खोचून म्हणायची, ‘जा, सांग त्यांना, आमी ऐकून घेतलं.’ ऐकून घेतलं, मान्य केलं नाही. हे मी आठ वर्षांची असताना दोन्ही अंगणांमध्ये पोचवत होते. त्यामुळे जपानच्या पंतप्रधान तैवानबद्दल संसदेत काहीतरी बोलल्या आणि बीजिंगनं राजदूताला बोलावून घेतलं, हे वाचताना मला फार लांबचं असं काही वाटलं नाही. राजदूत पायऱ्या चढत असतील, कुणी पाणीही विचारत नसेल, एवढं मला दिसलं. ते सगळं मी एका ओळीत बसवलं होतं आणि कुणीतरी ओल्या फडक्यानं ते पुसून टाकलं होतं.

मंगळवारी चीननं आपल्या लोकांना जपानला जाऊ नका म्हणून सांगितल्याचं मी लिहिलं. तेही गेलं. मग मात्र मी गुन्हेगार शोधायला लागले, आणि चोराच्या मनात चांदणं तसं संशयखोराच्या मनात सगळं गावच चोर. समोर फुटपाथवर सुनील नावाचा एक जण लुकलुकणाऱ्या माळा विकतो, सगळ्या चीनच्या. तो हातात फडकं घेऊनच उभा असतो. पण त्याला विचारलं तर म्हणाला, ‘म्याडम, माल आला पायजे, भांडू द्या की त्यांना.’ चष्म्याच्या दुकानातले रामहरी माझ्या शुद्धलेखनावर नजर ठेवून असतात, पण ते पुसत नाहीत, आत येऊन पंधरा मिनिटं बोलतात, पुसलं तर परवडलं. दुपारी मी टेबलाशी बसले होते आणि लक्ष कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे गेलं. ती दिपालीची खुर्ची. नर्सिंगचं शिकलेली बावीस वर्षांची पोर, वर्षभर पुण्यात जपानीचा क्लास केला, आणि सुट्टीला नगरला आली की इथं येऊन घोकायची, कारण घरी एकच खोली. एकदा दुपारी मी आतून आले तर ही मासिकांच्या रॅकसमोर उभी राहून कमरेत वाकून त्याला नमस्कार करत होती, एकदा थोडं, एकदा जास्त. मला बघून लाजली. म्हणाली, ‘मॅडम, किती वाकायचं ते मानसापरमानं बदलतं. म्हाताऱ्या मानसाला लई.’ मी म्हटलं, मग या रॅकला अजून वाक, त्यातली मासिकं माझ्याहून म्हातारी आहेत. तिकडच्या वृद्धांच्या घरात ती काम करणार होती. येत्या रविवारी तिचं विमान होतं. हे मला ठाऊक होतं, तिला पेढे मागून झाले होते, आणि तरी दोन दिवस माझ्या मनात त्या खुर्चीची आणि पुसलेल्या ओळीची गाठ पडली नाही. दुसऱ्याच्या भाषेवर प्रेम करणाऱ्या माणसाचं असं होतं.

बुधवारी मी फळा लिहिला (चीननं जपानची मासळी पुन्हा थांबवल्याचं), आत आले, खिडकीच्या जाळीमागं उभी राहिले. जाळीतून रस्ता दिसतो, समोर पाथर्डीच्या जीपा. दिवाळी झाली की त्या बाजूची निम्मी माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात, तेव्हा या दिवसांत जीपेला गिऱ्हाईक कमी, ड्रायव्हर मोकळे. उभ्या उभ्या मला त्र्याण्णव साल आठवलं. का आठवलं हे मला उमजलं नाही, म्हणजे तेव्हा उमजलं नाही. तेव्हा मी दिपालीच्याच वयाची होते. मुंबईला सरकारी भाषांतराच्या कचेरीत माझी नेमणूक झाली होती, हातात ऑर्डर होती, एक एप्रिलला हजर व्हायचं होतं. मार्चमध्ये मुंबईत बॉम्बस्फोट झाले. आमचे आप्पा पेपर घेऊन आले, मी जेवत होते, त्यांनी घडी घालून तो माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि एवढंच म्हणाले, ‘बघ.’ मी बघितलं. रडले नाही, भांडले नाही, मुंबईला गेले नाही. आप्पा वाईट नव्हते, उलट त्यांनीच मला शिकवलं होतं, पण तो पेपर त्यांनी ज्या हलक्या हातानं ठेवला ना, आमटी सांडू नये अशा, तो हात मला तीस वर्षं दिसतोय. पुढं मी इथं लागले, बरं चाललं, मला नऊ ओळींचं राज्य मिळालं आणि मी त्यात सुखानं नांदले. खोटं नाही सांगत. पदरी पडलं आणि पवित्र झालं, असं मी हसून म्हणते आणि ते बरंचसं खरं असतं. पण एक आहे. पोरीला अडवायचं असलं की बाप बातमी घेऊन येतो, असा माझा पक्का समज होऊन बसला होता.

आणि तेवढ्यात बाप आला. दिपालीचा बाप, अजिनाथ. पाथर्डीच्या जीपेवर असतो, अंगानं थोराड, चालताना बाजूला झुकतो. त्यानं इकडं तिकडं पाहिलं, गाडीच्या कॅनमधलं पाणी टॉवेलाच्या टोकावर ओतलं, पिळलं, आणि फळ्याशी येऊन, जीभ दातांत धरून, काचेवरची घाण काढावी तशी ती ओळ पुसायला लागला. मासळी, मग थांबवली, मग जपान. कांद्याजवळ आला तेव्हा त्यानं टॉवेलाचं टोक बोटाला गुंडाळून घेतलं. मी बाहेर गेले.

‘अजिनाथ, काय चाललंय?’

तो दचकला नाही. टॉवेल मागं धरला फक्त. ‘म्याडम, रागाऊ नका. आमची म्हातारी आकराला डबा घिऊन येती.’

‘मग?’

‘मी जेवतोय तवर ती हितं उभी ऱ्हाऊन वाचती की समदं. मोतीबिंदू काडल्यापून तिला दुसरा धंदाच न्हाई. एकेक आक्षर बोट लावून.’

ते मी रोज बघत होते. केशरबाई. साक्षरता अभियानात पन्नाशीच्या आसपास शिकलेली बाई, हिरवं लुगडं, कानाची पाळी लोंबलेली, ‘महा-पा-लि-का’ असं मोठ्यानं वाचणारी. माझी सगळ्यात मन लावून वाचणारी वाचक ती, हे मी कुणाला कधी बोलले नव्हते.

‘तिनंच वाडवली पोरीला,’ अजिनाथ म्हणाला. ‘आमी दोगं धा वर्सं तोडीला. सा सा महिने पोरगी म्हातारीच्या पदराला. म्हातारी न्हाई म्हनली तर पोरगी जायाची न्हाई, आन म्या बी धाडायचो न्हाई, तेवडं हाय आमच्यात. कशीबशी तयार केलीय तिला. आन नेमकं आत्ताच ह्ये सुरू झालं ह्यांचं.’

‘अहो, पण प्रत्येकाच्या मोबाईलवर आहे ही बातमी.’

‘मोबाईलचं ती मानीत न्हाई. मोबाईलवर कायबी येतं म्हनती. फळ्यावर आलं तर खरं.’ मग त्या धिप्पाड माणसानं माझ्याकडे असं बघितलं की मला हसू आणि रडू एकदमच यायला लागलं. ‘रईवारपस्तोर जपानला जरा गप बसवा ना, म्याडम. सोमवारपून काय भांडायचं ती भांडू द्या.’

मी आत येऊन बसले. बाप बातमी घेऊन येतो, पुसायला येत नाही. निदान मी पाहिलेला बाप तरी. टॉवेलाचं टोक बोटाला गुंडाळून एक एक अक्षर काढणारा हा माणूस माझ्या कुठल्याच हिशेबात बसत नव्हता, आणि मला आप्पांचा राग आला, ते जाऊन सहा वर्षं झाल्यावर, इतका की मी पावतीपुस्तकावर पेन आपटलं आणि पेपर वाचणारी दोन माणसं दचकून वर बघायला लागली. मग स्वतःचंच हसू आलं. चीन-जपानच्या भांडणात मी माझ्या मेलेल्या बापाशी भांडत होते.

गुरुवारी मी ती ओळ लिहिली नाही. बातमी होती, दोन्हीकडून खलिते गेले होते, कुणी शब्द मागे घेतले नव्हते. मी आठ ओळी लिहिल्या आणि कांद्याच्या वर जागा मोकळी सोडली, कारण तिथं दुसरं काही भरायला हात धजेना. समोरून अजिनाथनं जीपेतूनच हात जोडले. मला ते आवडलं नाही. अठ्ठावीस वर्षांत मी पुराचे आकडे लिहिले, आमच्याच अध्यक्षांच्या पराभवाची बातमी लिहिली, कोरोनात रोज ते आकडे लिहिले, पण गाळलं काही नव्हतं. एक केशरबाई फळ्यावर आलं ते खरं मानते, म्हणून मी तिच्यापुरता फळा खोटा केला. हे मी स्वतःला तीनदा वेगवेगळ्या शब्दांत समजावून पाहिलं. परराष्ट्रखात्याची भाषासुद्धा वापरून पाहिली, ‘सद्यःस्थितीत भाष्य करणे उचित नाही’. त्यानं काही फरक पडला नाही.

साडेअकराला केशरबाई आत आली. ती कधी उंबरा ओलांडत नसे. चपला बाहेर काढून, पदर सारखा करून, ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि खुर्ची दिली तर म्हणाली, ‘बसत न्हाई. एक इचारायचंय.’

‘विचारा ना, मावशी.’

‘तीन दिस झालं, कांद्याच्या वर वला डाग असतोय. आज डाग न्हाई, नुसती जागाच हाय.’ तिचे ऑपरेशन झालेले डोळे फार स्वच्छ होते. ‘शेजारनीनं मोबाईलवर दावलं, चीन आन जपान कडकडा भांडाय लागल्यात. म्या म्हनलं, फळ्यावर न्हाई, म्हंजी खोटं. मंग मला डाग याद आला. बाई, तू मला लेकरावानी हायेस. खरं सांग. हाय का भांडन?’

आता काय सांगायचं हे ठरवायला मला वेळ मिळाला नाही, आणि बरं झालं. ‘आहे,’ मी म्हटलं. ‘तुमच्यासाठी मी लिहिलं नाही आज. चुकलं माझं.’

आणि मग सगळं सांगितलं. तैवान म्हणजे काय हे सांगताना मी आमच्या सोनईचा बांध वापरला. लढाई नाही, सैन्य हललेलं नाही, राजदूताला बोलावून सुनावलं, मासळी बंद केली, आपल्या लोकांना जाऊ नका म्हटलं. पुढं काय होईल ते मला ठाऊक नाही, पेपरवाल्यांनाही नाही. अजिनाथचं नाव मी घेतलं नाही. तिनं विचारलंही नाही, डाग कुणाचा ते.

‘म्हंजी चेरमन लोकांचं भांडन,’ ती म्हणाली.

‘तसंच काहीसं.’

‘म्या ईस हंगाम ऊस तोडला. एका साली दोन कारखान्याच्या चेरमनांचं लागलं. ह्यो म्हने त्याच्या हद्दीतल्या उसाला हात लावायचा न्हाई, त्यो म्हने ह्याच्या. आमी मदी, उसाच्या फडात. लई भ्या वाटलं हुतं. पन ऊस काय उभा ठिवत्यात का कोनी? रातीतनं दोन्हीकडचं मुकादम आले, आमच्याकडं चला म्हनून.’ ती बोटं मोडत राहिली. ‘चीननं आपल्या पोरींना तितं जाऊ नका म्हनलं?’

‘हो.’

‘मंग तिकडच्या म्हाताऱ्यांला कोन बगंल?’

हे कुठल्याच पेपरात आलं नव्हतं.

‘तोडीची टोळी उठून गेली की ऱ्हायलेल्याला मान येतो,’ केशरबाई म्हणाली. पण ते म्हणताना तिचा चेहरा काही जिंकल्यासारखा नव्हता. ती टेबलाला धरून हळूच वाकली, आणि आवाज अगदी खाली घेऊन बोलली, पेपर वाचणाऱ्या दोघांना ऐकू जाऊ नये असा. ‘तुला खरं सांगू का? म्या रोज बगत हुते. पोरीचं ठरल्यापून. फळ्यावर कायतरी यावं. भूकंप यावा, रोग यावा, इमानं बंद व्हावी. कायबी. म्हंजी मला म्हनायला हुईल, नगं जाऊ. म्या कारन हुडकीत हुते, बाई. आन तू रोज आपला बिबट्या लिवतीस.’

माझ्या डोळ्यांपुढं आप्पा होते, ताटाजवळ, घडी घातलेला पेपर घेऊन. तीस वर्षं मी समजत होते की त्यांना बातमी दिसली आणि ते घाबरले. त्यांना बातमी सहज दिसली नव्हती. ऑर्डर आल्यापासून ते रोज पेपर आधी उघडत होते, माझ्या हाती लागायच्या आत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि मी समजत होते की वाचनाचा नाद लागला. ते शोधत होते. इतकी त्यांना मी हवी होते घरात. हे कळलं म्हणून मुंबई परत येणार नव्हती, आणि मी त्यांना सगळं माफ केलं असंही नाही, पण तो हलका हात मला पहिल्यांदा आतून दिसला, आणि छातीत एकदम इतकं मोकळं वाटलं की मी केशरबाईचा खरबरीत हात धरला आणि तो काही वेळ सोडलाच नाही.

‘आता सापडलंय ना कारण,’ मी म्हटलं. ‘मग काय म्हणणार?’

‘आता घावलं तर त्येवडं मोटं न्हाई वाटत,’ ती म्हणाली आणि नाक ओढून हसली. ‘पोरगी काल मला वाकून दावीत हुती, म्हाताऱ्यांना कसं वाकायचं. लई वाकली. म्या म्हनलं, आगं कंबार मोडंल. जाऊ दे तिला. तू चल आधी, लिव ते. जागा मोकळी बरी दिसत न्हाई.’

आम्ही दोघी बाहेर आलो. मी भिजलेला खडू घेतला आणि कांद्याच्या वर लिहिलं. ओल होती तोवर काहीच दिसत नव्हतं. समोर अजिनाथ बॉनेटवर डबा उघडून भाकरी खात होता. मग अक्षरं उमटायला लागली, आधी ‘चीन’, मग ‘जपान’, आणि त्यानं घास तसाच ठेवला, टॉवेल ओढला, आणि रस्ता न बघता पळत आला. आईला फळ्यासमोर बघून जागीच थांबला. एका रिक्षावाल्यानं त्याला शिवी दिली, ती त्यानं घेतली.

केशरबाईनं त्याच्याकडं बघितलंही नाही. बोट लावून, एकेक अक्षर करत, ती सगळी ओळ मोठ्यानं वाचायला लागली. ‘ची-न ज-पा-न त-णा-व का-य-म.’ सुनील माळा सोडून बघत होता, रामहरी दुकानाच्या दारात आले होते, ‘कायम’वर त्यांचा काही आक्षेप दिसला नाही.

‘अजिनाथ,’ ती म्हणाली, ‘टावेल ठिव. वाचू दे की लोकांला. आपली पोरगी कुटं चाललीय ते कळू दे.’

‘म्हंजी… जाऊ द्यायची, आये?’

‘मंग? तिकडं म्हाताऱ्या बसल्या असतील वाट बगत. जा, जेव आधी.’ तो हलेना. ओल्या टॉवेलानं त्यानं तोंड पुसलं, मग पुन्हा पुसलं, आणि मी दुसरीकडं बघितलं. केशरबाई मात्र माझ्याकडं वळली, आणि आता तिच्या आवाजात मुकादमाचा हुकूम होता.

‘आन बाई, रईवारपून रोज जपानचं लिवायचं. भांडन असू दे न्हाईतर नसू दे. काय झालं न्हाई तर काय झालं न्हाई असं लिवायचं.’